व्याही शेजारी बसले होते

हॅलो?… हॅलो, कोण?… हां आक्का, बोला… येतंय, येतंय ऐकू. थांबा जरा, बाहेर येते. इथं आत बोलू देत नायत… हां. आता बोला.

कोणी सांगितलं तुम्हाला?… बरं… व्हय. खरं हाय. दवाखान्यातच हाय आम्ही… व्हय, तुमच्या भावालाच… आक्का, आधी ऐकून घ्या. जित्ते हायत. डोळे उघडलेत. आज सकाळी मला नावानं हाक मारली. सारजा म्हणले… नीट म्हणले हो. जीभ अजून जड हाय, पण म्हणले.

रडू नका… आक्का… अहो, मी नाय रडायली आन तुम्ही कशाला… माझं रडून झालं. आता नुस्तं बसावं वाटतंय कुठंतरी भिंतीला टेकून.

नाय कळवलं, व्हय… काय कळवणार? मलाच काय कळत नव्हतं. आधी म्हणले ऊन लागलं. मंग म्हणले पोट बिघडलं. मंग म्हणले किडनी बंद पडली… किडनी. मूत्रपिंड. दोन्ही… 

काय?… काय म्हणलात?… पिऊन पडला? कोण म्हणलं पिऊन पडला?… गावात म्हणायलेत… बरं. म्हणू द्या. छावणीच्या बाजारात पडले हे खरं. पण दारूचा थेंब नाय, आक्का. तुम्हाला ठाव हाय, उभ्या जन्मात शिवले नायत.

सांगते. सगळं सांगते. पण मधी बोलू नका. मला एका दमात सांगू द्या, मधी तुटलं की परत जोडता येत नाय मला… 

बोललात की मधी.

ऐका. गुडघे दुखायचे ह्यांचे. तुम्हाला माहीतच हाय. सारा जन्म शिलाईच्या मशीनवर बसून पाय हलवलेत, गुडघा तरी काय करंल. यंदा लईच वाढलं. रात्री पाय लांब करता येईना, सकाळी जवळ घेता येईना. आन तेवढ्यात आले आप्पासाहेब… व्हय, आपले व्याहीच. सुवर्णाचे सासरे. दुकानावर आले होते सदरा शिवायला टाकायला. ह्यांना उठताना बघितलं त्यांनी. म्हणले, बद्रीनाथराव, असं काय करता, आमच्या पुंडलिकनगरात चांगला हाडाचा डॉक्टर हाय, चला, आत्ताच चला. गाडीवर बसवून घेऊन गेले बिचारे. सोताच्या बापाला नेतात तसं.

नाय, मी नव्हते. मी घरी होते.

तर त्या हाडाच्या डॉक्टरनं तपासलं. फोटो काढला. आन इचारलं, अजून काय गोळ्या चालू हायत का?… आता ऐका नीट. इचारलं त्यानं. गलती त्याची नाय. ह्यांनी काय केलं, आप्पासाहेबांकडं बघितलं. ते शेजारीच बसले होते ना खुर्चीवर. त्यांच्याकडं बघितलं, आन म्हणले, बीपीची एक चालू हाय. बाकी काय नाय.

बाकी काय नाय म्हणले, आक्का.

…

हां. कळलं ना तुम्हाला. डोक्याची गोळी नाय सांगितली.

…हळू कशाला बोलू? इथं कोण हाय आपल्या गावचं? सगळे आपापल्या माणसांच्या मागं हैराण हायत. माझ्याकडं कोण बघतंय… बरं. बरं, हळू बोलते.

नाय सांगितली. कशी सांगणार? व्याही शेजारी. ज्याच्या घरात लेक दिली त्याच्यासमोर कसं म्हणायचं, मला डोक्याच्या डॉक्टरची गोळी चालू हाय, एवढ्या वर्षांची. आन तुम्ही तर शपथ घातलेली, सुवर्णाची सुपारी फुटली त्या दिवशी. खंडोबाची… मी तुम्हाला बोल नाय लावायली, आक्का. झालं ते सांगायली.

त्या डॉक्टरनं गुडघ्याची गोळी दिली. दुखणं थांबायची. पाच दिवस घ्या म्हणला, मंग येऊन दाखवा. गोळीनं काय गुण आला म्हणता! तिसऱ्या दिवशी मांडी घालून जेवायला बसले. एवढे खूश. मला म्हणले, सारजा, पाय नवे बसवले बघ. मंग कशाला जातात परत दाखवायला? औषधाच्या दुकानातून आणायचे आन खायचे. सकाळी एक, संध्याकाळी एक. दुकानदार पण देतो हो, रिकामी पट्टी दाखवली की देतो. लग्नसराई होती, कामाचा ढीग. महिनाभर खाल्ल्या.

व्हय, मला दिसत होतं. गुडघ्याच्या गोळीला कोण भितं, आक्का? चहावाला पण खातो, रिक्षावाला पण खातो. 

मंग हात कापायला लागले. आधी वाटलं, उन्हाचा शीण. कपबशी धरली की वाजायची. मंग सुईत दोरा ओवता येईना. दोनदा, तीनदा, चारदा… शेवटी मला म्हणले, तू ओव. ह्यांनी आजवर कधी मला सुई ओवायला नाय सांगितली. कपडा कापताना कात्री वाकडी जायली. मिलिटरीच्या एका साहेबाचं कापड बिघडवलं. मंग उलट्या. संडास. अन्नावरची वासनाच उडाली. चालताना असं… झोकांड्या. बोलताना शब्द सांडायचे. पाणी म्हणायच्या ऐवजी काहीतरीच म्हणायचे आन माझ्याकडं बघायचे, की मला का कळंना.

आन मला काय वाटलं असंल, सांगा बरं?… हां. तेच. तेच वाटलं. ते दिवस परत आले. ह्यांना पण तेच वाटलं. बोलले नायत, पण घाबरलेले डोळे मला ओळखू येतात. आम्ही दोघं एकमेकांना काय म्हणत नव्हतो. नुस्ती रोज रात्री डोक्याची गोळी आठवणीनं… मी हातावर ठेवायची, हे गिळायचे. उलटी झाली तर म्हणायचे, पडली असंल बाहेर, अजून एक दे. एक दिवस सुद्धा चुकवली नाय.

आन ते इखच होतं, आक्का. आम्ही इख मोजून घेत होतो.

…नाय, गोळी इखारी नाय. तेच तर. थांबा, डॉक्टरनं मला जसं सांगितलं तसंच सांगते. ती डोक्याची गोळी म्हणजे एक जातीचं मीठच असतंय. रोज खायची आन रोज लघवीवाटं जेवढ्यास तेवढी बाहेर पडायची. अंगात मापात राहिली तर डोकं शांत. म्हणून तर छावणीतले आपले डोक्याचे डॉक्टर दर काही महिन्यांनी रक्त तपासायचे. बीपीची गोळी चालू झाली ती पण त्यांना सांगितली होती, त्यांनी त्या हिशेबानं डोस कमी केला होता. सगळं नीट बसलं होतं. त्यात ही गुडघ्याची आली. ती काय करती, दुखणं थांबवती, पण किडनीकडं जाणारं रक्त कमी करती. बीपीची गोळी पाणी काढती अंगातलं. वरून हे ऊन, आन पत्र्याखालचं दुकान, पाणी प्यायची ह्यांना सवय नाय. किडनी सुकली. मंग ते मीठ बाहेर पडंल कुठून? साठत गेलं. साठलं, साठलं, आन डोक्यात चढलं.

व्हय… एकेक गोळी चांगली. तिघी एका चुलीवर आल्या आन घर पेटलं.

त्या दिवशी बाजारात गेले होते बटणं आणायला. मी नको म्हणत होते. तिथंच पडले. लोक गोळा झाले, पण हात कोणी लावंना. पिलेला हाय म्हणले, पडू द्या. एक रिक्षावाला थांबला. म्हातारा मुसलमान. तो वाकला, ह्यांच्या तोंडाचा वास घेतला आन लोकांवर ओरडला म्हणे. अरे पियेला नई है, बीमार है, उठाओ. त्यानंच घरी आणलं. मला म्हणला, अम्मा, सीधे दवाखाने चलो, घर में मत उतारो. पैसे घेतले नायत त्यानं.

एक मिनिट आक्का… व्हय सिस्टर?… नाय, दूध नाय दिलं. पाणी पण नाय, तुम्ही सांगितलं तेवढंच दिलंय… बरं, बरं… हां आक्का. पाणी मोजून द्यावं लागतंय. तहान लई लागती त्यांना. बघतात माझ्याकडं. मी तोंड फिरवून बसते.

कुठं होते मी?… हां. दवाखान्यात आणलं. पहिल्यांदा सलाईन लावलं. ऊन लागलं म्हणले. सुवर्णाला फोन केला, ती आली, मागून आप्पासाहेब आन चतुराबाई पण आल्या… व्हय, विहीणबाई. दुसऱ्या दिवशी लघवीच बंद. एक थेंब नाय. पाय सुजले, डोळे सुजले, ह्यांना कोण हाय कोण नाय कळंना. मंग किडनीचे मोठे डॉक्टर आले. तरणाच हाय, पण शांत. त्यानं मला इचारलं, आजी, ह्यांना कोणकोणत्या गोळ्या चालू हायत?

आजी म्हणला मला. एवढं तोंड उतरलं असंल माझं.

मी म्हणलं, बीपीची आन गुडघ्याची. तो म्हणला, बस? मी गोळ्यांची पिशवी मागं सारली. तो म्हणला, हे हात कापणं, ही जीभ, हे नुस्तं किडनीचं दिसत नाय मला. अजून काहीतरी असंल. लपवू नका, माणूस हातातून जाईल.

आन सगळे तिथंच. कॉटच्या ह्या बाजूला सुवर्णा, त्या बाजूला चतुराबाई, पायथ्याला आप्पासाहेब. बाहेर जा म्हणावं तर कोणाला म्हणावं? का म्हणावं? 

…

मी पिशवी उपडी केली, आक्का. कॉटवर. सगळ्या पट्ट्या पडल्या. डोक्याची होती ती मीच उचलून त्याच्या हातात दिली.

…व्हय. सगळ्यांसमोर.

…व्हय, मोठ्यानं सांगितलं. तो म्हणला, ही कधीपासून? मी म्हणलं, लेक अंगणवाडीत होती तवापासून.

ओरडा. ओरडून घ्या. ऐकते मी.

…

व्हय, घातली होती शपथ. मोडली… व्हय, मीच मोडली. खंडोबाला काय सांगायचं ते मी सांगंन… आक्का, इज्जत घेऊन काय करायचं होतं? त्यांच्या उशाला ठेवायची होती का?

…नाय, उलट नाय बोलायले. थकले मी. थकल्यावर माणूस असंच बोलतं.

त्या डॉक्टरनं पट्टी बघितली आन पळालाच. लगेच रक्त तपासलं. त्या गोळीचं माप मापाबाहेर, लईच बाहेर. तिथल्या तिथं मशीन लावलं, रक्त धुवायचं. मानेत नळी घातली. ते बघू नये, आक्का. लाल दोरा असा मशीनमधून फिरतो, आन कळतं की हा आपला माणूस फिरायलाय. तीनदा लावलं. पहिल्यांदा काय फरक नाय. दुसऱ्यांदा हात थोडे थांबले. तिसऱ्यांदा डोळे उघडले आन छताकडं बघून म्हणले, पंखा वाकडा बसवलाय. शिंपी माणूस. आधी वाकडं काय तेच दिसलं.

हसा, हसा. मी पण हसले. नर्स म्हणली, वेडी झाली काय बाई.

आता लघवी सुरू झालीय. कालपासून चांगली होतीय. मशीन बहुतेक लागणार नाय म्हणले. पण किडनी पहिल्यासारखी होईल का, ते आत्ताच सांगत नायत. थोडी कमजोर राहील म्हणले. जन्मभर जपायची. दुखण्याची गोळी परत तोंडात घालायची नाय. गुडघा दुखला तर शेकायचा, तेल लावायचं, नायतर सोसायचा.

…हां, ते. मला वाटलंच, तुम्ही त्यावरच याल.

सांगते. आप्पासाहेब काय बोलले नायत. पट्टी माझ्या हातातून डॉक्टरच्या हातात गेली तवा ते बघत होते. मंग हळूच बाहेर निघून गेले. मी म्हणलं, संपलं. आता हे घरी जातील, जावयाला सांगतील, आन सुवर्णाची पिशवी दारात येईल. खरं सांगते, तवा मला त्याचं काय वाटलं सुद्धा नाय. एका वेळेला एवढंच दुःख मावतं माणसात.

संध्याकाळी पाणी आणायला खाली गेले, तर तिथंच बसलेले. गाड्या लावतात तिथं एक लिंबाचं झाड हाय, त्याच्या पारावर. दुपारपासून उठले नव्हते. टोपी मांडीवर. मला बघून उभे राहिले. मी पदर घेतला, खाली बघून म्हणलं, आप्पासाहेब, आमचं चुकलं. तर काय म्हणले माहीत हाय का?

…नाय, तसं नाय. ऐका की.

म्हणले, ताई, डॉक्टरनं इचारलं तवा बद्रीनाथराव माझ्याकडं बघायले. मला वाटलं, फी कोण देणार म्हणून बघायलेत. मी खिशाला हात लावला. मला काय ठाव, ते मला भिऊन बघायलेत.

…

हां. असं म्हणले. आन मंग चिडले. चिडले म्हणजे लई चिडले, आक्का. म्हणले, एवढंच म्हणायचं होतं, आप्पासाहेब जरा बाहेर बसता का. बसलो नसतो का मी? काय इचारलं असतं का? मी सोता गाडीवर बसवून नेला माणूस, माझ्या हातानं त्या दुकानातून पहिली पट्टी घेऊन दिली. माझ्यामुळं गेला असता ना तो. जन्मभर मला कळलं पण नसतं, का गेला.

मी बाटली भरून घेतली आन वर आले.

व्हय, येतात. रोज येतात. भाकरीचा डबा घेऊन येतात. ह्यांच्याजवळ बसतात. पेपर वाचून दाखवतात, ह्यांना अर्धं कळतं अर्धं नाय… नाय, त्या गोष्टीबद्दल बोलले नायत दोघं. मघाशी फक्त एवढं झालं, हे म्हणले, आप्पासाहेब, तुमचा सदरा राहिला शिवायचा. ते म्हणले, राहू द्या, मला घाई नाय.

चतुराबाई?… त्यांचं वेगळं हाय. कशाला खोटं सांगू. त्या बोलत नायत माझ्याशी. येतात, खुर्चीवर बसतात, जातात. परवा डॉक्टरला एकटं गाठून इचारलं त्यांनी, हे लेकराबाळांत उतरतं का म्हणून. मी दाराआड होते, ऐकलं… काय म्हणला डॉक्टर? म्हणला, उतरंलच असं नाय, नायच उतरणार असं पण नाय. पण त्याला इलाज हाय, आन तो लपवायचा नसतोय… आई हाय, इचारणार. मी त्यांच्या जागी असते तर मी पण इचारलं असतं.

जावई आले काल. पाय चेपत बसले सासऱ्याचे. मला तेवढं पुष्कळ झालं.

सुवर्णा? तिला माहीत होतं हो आधीपासून. तुम्हाला काय वाटलं, लेकरांना कळत नाय? मला म्हणली, आई, मी बारक्यापणी बाबांच्या गोळीचा चांदीचा कागद जमवायची. एवढंच म्हणली.

…काय? गावाकडं?… नाय आक्का. गावाकडं नाय आणायचं त्यांना… नाय. तो वैद्य तर बिलकुल नाय… किती जणांना गुण आलाय ते असू द्या. पुडी नाय, काढा नाय, भस्म नाय. झाडपाल्याचं का असंना. त्यात काय काय कुटलेलं असतंय तुम्हाला ठाव नाय, मला ठाव नाय. जे काय तोंडात जाईल ते आधी डॉक्टरला दाखवून. मी आता कोणावर नाय विसंबणार. तुमच्यावर पण नाय. रागवायचं तर रागवा.

…हे बघा. ते बोलू नका. त्या गोळीला नावं ठेवू नका, आक्का. तेवढं नका करू… नाय, ऐका माझं. गोळीनं वाटोळं नाय केलं. त्या गोळीनं मला संसार दिला. विसरलात का तुम्ही, त्याच्या आधी काय होतं? रात्र-रात्र झोप नाय, डोळे लाल, मशीन चालूच. गिऱ्हाइकांचं कापड रस्त्यात उभं राहून वाटलं होतं, घ्या म्हणले, सगळ्यांना नवे कपडे. आन मंग ते महिना-महिना भिंतीकडं तोंड करून पडणं. विहिरीकडं चालत गेले होते ते विसरलात?… हां. तुम्हीच तर धरून आणलं होतं. उंबऱ्यावर आडव्या झोपायच्या तुम्ही, हे बाहेर जाऊ नयेत म्हणून. मी बाळंतीण होते आतल्या खोलीत. तुमच्या बांगड्यांचा आवाज आला की मला झोप लागायची, की आक्का हाय दारात.

…

आक्का?… हायत का?… हां.

आता ती गोळी बंद. कायमची. किडनी तसली गोळी परत सोसणार नाय म्हणले. छावणीतले आपले डॉक्टर आन हे किडनीचे, दोघं फोनवर बोलले काल, माझ्यासमोर. लई वेळ बोलले. आता दुसरी गोळी चालू करणार, हळूहळू, थेंबाथेंबानं. ती लागू पडायला वेळ लागंल. पडंल का नाय ते पण बघायचं. तोवर लक्ष ठेवा म्हणले. झोप कमी झाली, बोलणं वाढलं, नायतर एकदम गप झाले, लगेच कळवा. म्हणजे कधी, कुठल्या रात्री, काय सांगता येत नाय.

मी आता इथं सगळ्यांसमोर लई शहाणी होऊन बसलीय. नळीचं बघते, मापाचं बघते, मान हलवते. पण तुम्हाला सांगते, आक्का, मला भ्या वाटतंय. किडनीचं नाय. किडनीला मशीन हाय. ह्यांनी जर परत मला ओळखलं नाय, परत जर रात्रीचं उठून चालायला लागले, तर तवा मी तरणी होते. आता माझ्यात नाय ते. मी एकटी नाय पुरायची.

म्हणून म्हणते. शपथ मोडली म्हणून जे बोलायचं ते मला समोर येऊन बोला. पण या. मला तुमची गरज हाय… 

नाय, पैसे-बिसे काय नको. तुम्ही या. नुस्त्या दारात बसा.

…

कधी?… आज? आत्ता जीप मिळंल का पण?… गंगापूरपर्यंत मिळती, तिथून एसटी… बरं. उन्हाचं डोकं झाका. पाणी पीत या… हां, बाबा पेट्रोलपंपाच्या स्टॉपला उतरा, मी सुवर्णाला पाठवते. तुम्ही एकट्या रिक्षा करू नका.

काय?… कोणाला काय सांगू म्हणता?… शेजारी कोण हाय?… भागूबाई बसलीय? कधीपासून?… मंग तिला ऐकू गेलंच असंल की निम्मं.

काय इचारायलीय ती?… एवढ्या घाईनं कुठं निघाल्या म्हणून. मंग?… ऊन लागलं म्हणून सांगू म्हणता…

आक्का, तुम्हाला जे पटंल ते सांगा. मला आता त्याचं काय नाय. पण मला इचारलंच तर मी म्हणंन, ऊन नका सांगू. ऊन म्हणलं की उद्या दहा जणी कांद्याचा रस सुचवतील. आन परवा कोणीतरी दुसऱ्या बाईचा नवरा असाच डॉक्टरसमोर बसून बाकी काय नाय म्हणंल.

…

हॅलो?… आक्का?…

बोलायलात का कोणाशी?… हॅलो…

…

…

ऐकू आलं… व्हय. ऐकू आलं मला. डोक्याचा आजार हाय माझ्या बद्रीला, असंच म्हणलात ना… काय म्हणली भागूबाई?… तुमच्यासाठी पाण्याची बाटली भरायला उठली?… बरं झालं. भरू द्या.

निघा तुम्ही. जीप सुटंल… हां, सांगते त्यांना. झोपेतून उठले की पयलं तेच सांगते, आक्का निघाली म्हणून… हॅलो?… आक्का, बॅटरी संपाय—